ध्वनीसाठी ऑप-अँपची पारख

ऑप-अँप, म्हणजे क्रियात्मक विवर्धक (संकेत मोठा करणारी चिप, म्हणजेच आयसी), ध्वनीच्या कामाचा आहे की नाही हे मुख्यतः त्याची खरखर, विरूपण (लहरीचा आकार बिघडणे), स्ल्यू रेट (आउटपुटचे व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग) आणि स्थिरता यांवरून ठरवतात. हे आकडे डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, छापलेले असतात. पण आयसी ज्या मंडलात बसणार, तिथल्या रोधांसकट ते वाचले नाहीत तर फसगत ठरलेली.

स्ल्यू रेटचा हिशेब सोपा. १० व्होल्ट आरएमएसचा २० किलोहर्ट्झ संकेत द्यायला मायक्रोसेकंदाला १.८ व्होल्टची चढण लागते. १९६८ साली आलेल्या ७४१ या ऑप-अँपची मजल ०.५ व्होल्टची, म्हणून या वारंवारतेला ४ व्होल्ट शिखराच्या पुढे त्याची साइन लहर त्रिकोणी होऊ लागते. ५५३२ या ऑप-अँपला ९ व्होल्ट जमतात, प्रश्न मिटला.

खरी मेख खरखरीत आहे. १ किलोहर्ट्झला एलएम४५६२ या महागड्या ऑप-अँपचा व्होल्टेज-नॉइज २.७ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, तर ५५३२चा ५. करंट-नॉइजचा क्रम मात्र उलटा: १.६ आणि ०.७ पिकोअँपिअर. स्रोताचा रोध १० किलोओहम असेल, तर त्याची स्वतःचीच औष्णिक खरखर १३ नॅनोव्होल्टच्या आसपास. करंट-नॉइजला या रोधाने गुणले की त्याचेही व्होल्टेज होते; मग व्होल्टेज-नॉइज, हे व्होल्टेज आणि औष्णिक खरखर या तिन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ४५६२ला सुमारे २१ आणि ५५३२ला साडेपंधरा नॅनोव्होल्ट येतात. महागडा आयसी हरतो! माइकच्या २०० ओहमला तोच जिंकतो.

४५६२चे ०.००००३ टक्के विरूपण बहुतेक मापकांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून दोन इनपुटांच्या मध्ये १० ओहम आणि फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत) १ किलोओहम जोडतात. संकेताचे विवर्धन १च राहते, चूक मात्र १०१ पट होऊन दिसते. मग वाचन १०१ने भागायचे.

जुन्या सॉकेटात ४५६२सारखा ५५ मेगाहर्ट्झचा वेगवान आयसी नुसता खोचला तर तो दोलन करू शकतो, म्हणजे स्वतःच उच्च वारंवारतेचा संकेत निर्माण करू लागतो. ते कानाला ऐकू येत नाही, कधी कधी बोटाला कळते: आयसी चटका देतो. ऑसिलोस्कोप लावून पाहावेच, आणि पुरवठ्याच्या पिनांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा.

ऐकून केलेली तुलना, कोणता आयसी चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तरच ग्राह्य. दोन्ही बाजूंची पातळी ०.१ डेसिबेलच्या आत जुळवावी लागते. फीडबॅकचे एक टक्कावाले रोधही तेवढा फरक सहज पाडतात, आणि मग किंचित मोठा आवाज ‘अधिक खुला’ वाटतो.