रानफुलांना शेणखत लागतं? नाही हो

"पडीक प्लॉटवर शेणखत टाका, रानफुलं भरभरून येतील" हा फॉरवर्ड दर पावसाळ्यात फिरतो. वाटतं बरोबर, शेतात तसंच होतं ना. पण खतावर आधी गाजरगवत अन् तरोटाच माजतो, बारकी फुलझाडं खाली दबतात. इंग्लंडमध्ये म्हणून जमिनीला खत न देता ती खरवडून उघडी करतात, मग जवळच्याच फुलांच्या कुरणातलं बी पिकत आलेलं गवत कापून शक्यतो त्याच दिवशी ओलंच पसरतात, ढीग पडून राहिला तर आतून तापतो अन् बी वाया जातं. बी पिकलं कसं कळेल? आपल्या नागपुरात दिवाळीच्या सुमारास कुर्डूचा वाळका तुरा तळहातावर चोळा, काळं चकचकीत बी पडेल. आणि खताचं बघायचं तर शेजारीशेजारी मीटरभराचे दोन तुकडे घ्या, एकातच खत टाका, पावसाळा संपताना कुठे किती जातीची झाडं आहेत ते मोजा.