कितवं मॉडेल आणि किती रनिंग: गोव्यात जुनी गाडी घेताना

जुनी गाडी बघायला गेलं की दोनच प्रश्न आधी विचारले जातात: मॉडेल कितवं, आणि रनिंग किती? पुढे घोळ होतो तो असा की ही दोन्ही उत्तरं एकाच मापाची धरली जातात. कमी चालली म्हणजे नव्यासारखी, असं मनात बसतं. प्रत्यक्षात किलोमीटर एक गोष्ट झिजवतात आणि वर्षं दुसरीच.

किलोमीटरने झिजतात ते फिरणारे, घासणारे भाग: क्लच प्लेट, पिस्टन रिंग, व्हील बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिझेल असेल तर टर्बो. वर्षांनी बिघडतं ते रबर, द्रव आणि पत्रा. टायर कडक होऊन बाजूने तडकतात, इंजिन माउंट आणि सस्पेन्शनचे बुश फाटतात, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं (म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं), बॅटरी तीन ते पाच वर्षांत दम सोडते. टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) दोन्हीकडून मार खातो, त्यामुळे कंपनी त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दुहेरी देते. जे आधी येईल ते. टायमिंग चेन असलेल्या गाडीत ही चिंता नाही, पण तिथे तेल वेळेवर बदललेलं हवं.

पुण्या-बेळगावच्या तुलनेने कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीला लावायचा हिशेब गोव्यात जशाचा तसा चालत नाही. इथे पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनारपट्टीला वर्षभर खारा वारा असतो. उभी गाडीही गंजते. उलट उभी असलेलीच जास्त. बोटीवर नोकरी करणाऱ्या मालकाची गाडी सात-आठ महिने पोर्चमध्ये कव्हर घालून पडलेली असते. आकडा दिसतो २५ हजार, पण कव्हराखाली दमट हवा कोंडलेली. टाकीतल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने पाणी धरलेलं, ब्रेक डिस्कवर गंजाची कड, आणि हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ब्रेक चिकटलेले. शिवाय अशी गाडी निघते ती मासळी मार्केटपर्यंत. चार किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं आणि तो आतून कुजतो. तेल टाकायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पिवळट थर असेल तर बहुतेक ती याच छोट्या फेऱ्यांची खूण. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही कमी असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, फुटल्याचा संशय घ्या.

आता दोन गाड्या शेजारी ठेवू. एक २०१४ची, २८ हजार चाललेली, कोलव्याला समुद्रालगत उभी. दुसरी २०१९ची, ९० हजारांवर गेलेली, मालक पाच वर्षं फोंड्याहून वेर्ण्याच्या कारखान्यात रोज गेलेला. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १८ हजार. पाच वर्षांत ९० हजार. आकडा जुळतो, आणि ते किलोमीटर एका हाताचे, तापलेल्या इंजिनाचे आहेत. क्लच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर हा खर्च येईल, पण ते बाजारात मिळतात आणि एका दिवसात बसतात. कुजलेला पत्रा मिळत नाही. वेल्डिंग करून पट्टी मारली तरी गंज शेजारून पुन्हा डोकं काढतो. म्हणून किनाऱ्याकडच्या गाडीत वय जास्त तोला.

९० हजारांतही फरक आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे लावून पर्यटकांकडे भाड्याने फिरलेली गाडी नंतर खासगी करून, पांढऱ्या पाटीसह विकायला येते. शंभर जणांनी दाबलेला क्लच आणि कुणीच न ऐकलेला आवाज. आरसी आणि वाहन पोर्टलवरच्या नोंदी पाहा, मालक कितवा ते पाहा. मग पुढची सीट पुढे-मागे सरकवा. रुळात वाळू करकरली तर सीटवर कोण बसून गेलं ते कळेल. डिचोली-साखळीकडच्या, खाणपट्ट्यातल्या गाडीत तीच चौकशी लाल धुळीची: एअर फिल्टरचा डबा आणि एसीचा कंडेन्सर बघा.

आकडा खरा आहे का, हे वेगळंच. मीटर मागे घेता येतो, पॅडलचं रबर मागे घेता येत नाही. ३० हजारांच्या गाडीचं ब्रेक पॅडल गुळगुळीत आणि स्टिअरिंग चकचकीत असेल तर सर्व्हिस रेकॉर्ड मागाच. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे तारीख सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. २०१४च्या गाडीला तेच मूळचे टायर असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, चारही बदलायचे. लहान गाडीला साधारण १६ ते २० हजार रुपये त्यातच जातात.

पत्र्यासाठी गाडी रॅम्पवर चढवायला लावा, नुसतं वाकून बघू नका. जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी, ब्रेकच्या बारीक नळ्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की चांगला पत्रा टणटणतो, कुजका भदभद वाजतो. चुंबक चिकटत नसेल तर आत पुट्टी. खाली नुकताच काळा कोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका; विकायच्या आठवड्यात मारलेला कोट बहुधा काहीतरी झाकायलाच असतो. पायाखालची चटई उचलून कार्पेट हाताने दाबा, डिकीत स्टेपनी काढून खड्ड्यात पाणी साचल्याची रेघ बघा.

कोलव्याची गाडी या सगळ्यातून स्वच्छ निघाली, तर घ्यायला हरकत नाही. मात्र टायर, बॅटरी, सगळे द्रव आणि असल्यास टायमिंग बेल्ट यांचे पैसे किमतीतून वजा करून बोला. आणि खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, म्हणजे २०१४चीला २०२९मध्ये फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण घ्यावं लागणार, हेही मालकाला सौद्याच्या वेळीच ऐकवा.