कॉन्टेस्टमध्ये कॉलसाइन चुकला तर काय करायचं : लॉग, तपासणी अहवाल आणि दाद मागण्याची पद्धत

हौशी रेडिओच्या कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करण्याच्या स्पर्धेत, नव्याने उतरलेल्या हॅमना (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना) एक प्रश्न हमखास पडतो. समोरच्याने माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावर मिळालेली स्टेशनची ओळख, चुकीचा लिहून घेतला, तर माझे गुण जातात का? आणि कॉन्टेस्ट संपल्यावर त्याला कळवून तो बदलून घेता येतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पहिल्या ‘नाही’ने जीव भांड्यात पडतो. दुसरं ‘नाही’ मात्र अनेकांना माहीत नसतं, आणि भल्या हेतूने केलेली मदत नियमभंगात जाते.

प्रत्येक कॉन्टेस्टचे नियम थोडे वेगळे असतात. इथली माहिती सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स (डीएक्स म्हणजे दूरदेशीचे संपर्क) कॉन्टेस्टची आहे, कारण भारतातले बरेच हॅम पहिल्यांदा जागतिक स्पर्धेची चव इथेच घेतात. ही स्पर्धा दोनदा होते : आवाजावरची, म्हणजे एसएसबी, ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आणि मोर्सची, म्हणजे सीडब्ल्यू, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी. वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, ४८ तास. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे ५:३० ला सुरू होऊन सोमवारी पहाटे ५:२९ ला संपते.

कोणाला भाग घेता येतो

वैध हौशी रेडिओ परवाना असलेल्या जगभरातल्या कोणालाही. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. व्हीयू२ ने सुरू होणारे कॉलसाइन जनरल श्रेणीचे, व्हीयू३ ने सुरू होणारे रिस्ट्रिक्टेड श्रेणीचे. तुमच्या श्रेणीला जे बँड (लहरींचे पट्टे) आणि जितकी पॉवर मंजूर आहे तेवढ्यातच राहायचं. स्पर्धा आहे म्हणून परवान्याची मर्यादा वाढत नाही. स्पर्धा १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर या सहा बँडवर होते. १०० वॅटपर्यंत लो पॉवर गट आणि ५ वॅटपर्यंत क्यूआरपी, म्हणजे अगदी कमी पॉवरचा गट आहे. परवाना मिळून तीन वर्षं किंवा त्याहून कमी काळ झाला असेल, तर रूकी हा वेगळा गटही निवडता येतो. नव्यांनी तो जरूर निवडावा.

प्रवेश अर्ज नाही, शुल्क नाही, आधी नावनोंदणी नाही. तुमचा लॉग, म्हणजे केलेल्या संपर्कांची नोंद, हाच तुमचा अर्ज.

चूक नक्की कुणाची धरली जाते

प्रत्येक संपर्कात दोन गोष्टी घ्यायच्या असतात : समोरच्याचा कॉलसाइन आणि त्याचा एक्स्चेंज, म्हणजे सिग्नल रिपोर्ट व सीक्यू झोनचा (स्पर्धेसाठी जगाचे जे विभाग पाडले आहेत त्यांतल्या त्याच्या विभागाचा) क्रमांक. भारताचा झोन २२; अंदमान-निकोबार मात्र २६ मध्ये येतं. तपासणीत तुमच्या लॉगमधली नोंद समोरच्याच्या लॉगमधल्या नोंदीशी ताडून पाहतात. हजारो लॉग एकमेकांशी जुळवायचे असल्याने हे काम संगणक करतो.

तुम्ही समोरच्याचा कॉलसाइन चुकीचा घेतला असेल तर तो संपर्क तुमच्या खात्यातून जातो आणि वर दंडाचे गुणही कापले जातात. तुम्ही लिहिलेला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये सापडलाच नाही, तर त्याला ‘नॉट इन लॉग’ म्हणतात, आणि त्यालाही दंड असतो. एक्स्चेंज चुकला, समजा झोन २० ऐवजी १५ लिहिला, तर फक्त तो संपर्क जातो.

पण तुम्ही त्याचा कॉलसाइन बरोबर घेतलात आणि त्याने तुमचा चुकवला, तर नुकसान त्याचं. वेळ, बँड आणि जवळपास जुळणारी अक्षरं पाहून तपासणीत ओळखता येतं की हा तोच संपर्क आहे. तुमचे गुण शाबूत राहतात. कॉपी करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकणारा हा नियम मला अतिशय न्याय्य वाटतो. तो नसता तर क्षीण सिग्नल आणि साधा डायपोल (तारेचा अँटेना) घेऊन बसलेल्या छोट्या स्टेशनांना दुसऱ्यांच्या चुकांचा भुर्दंड सोसावा लागला असता.

एका चुकीची किंमत गणितानेही पाहा. भारतातून युरोपशी झालेल्या संपर्काला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाशी झालेल्या संपर्काला १ गुण. देशातल्या देशात शून्य, पण मल्टिप्लायर, म्हणजे प्रत्येक बँडवर मिळालेला नवा देश किंवा नवा झोन, मिळू शकतो. सगळ्या गुणांची बेरीज मल्टिप्लायरच्या संख्येने गुणतात. तुमच्याकडे १०० मल्टिप्लायर असतील तर युरोपचा एक चुकलेला संपर्क ३०० गुण घेऊन जातो, दंड वेगळा. चुकीच्या कॉपीमुळे एखादा नसलेलाच देश मल्टिप्लायर म्हणून मोजला गेला असेल, तर तोही जातो. मोर्समध्ये ‘व्ही’ म्हणजे तीन डिट (छोटे ठोके) आणि एक डा (लांब ठोका). त्यात एक डिट वाढला की ‘४’ होतो. व्हीयू चा ४यू झाला, म्हणजे भारताऐवजी संयुक्त राष्ट्रांचं स्टेशन नोंदलं गेलं! ‘एस’, ‘एच’ आणि ‘५’ यांच्यातही फरक फक्त डिटच्या संख्येचा; ‘बी’ आणि ‘६’ यांचंही तसंच.

दुरुस्तीची खरी वेळ

ती म्हणजे संपर्क चालू असतानाची. समोरच्याने तुमचा कॉलसाइन चुकीचा उच्चारला तर घाईने रिपोर्ट देऊ नका. रिपोर्ट दिला की तो समजतो, कॉलसाइन बरोबर आहे, आणि पुढच्या स्टेशनकडे वळतो. फक्त तुमचा कॉलसाइन पुन्हा सांगा, दोनदा सांगा. एसएसबीवर ठरलेली फोनेटिक अक्षरंच, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्दच, वापरा. ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकमेकांच्या इतका जवळ जातो की नुसती अक्षरं सांगून समोरच्याचा गोंधळ हमखास होतो, ब्राव्हो आणि व्हिक्टर म्हटलं की प्रश्न मिटतो. मोर्समध्ये वेग थोडा कमी करून चुकलेला भाग पुन्हा पाठवा. त्याने बरोबर कॉलसाइन परत म्हटला, की मग रिपोर्ट.

व्हीयू३ वाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. बहुतेक लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये नेहमी स्पर्धेत दिसणाऱ्या कॉलसाइनची यादी असते, तिला सुपर चेक पार्शियल म्हणतात. अर्धी अक्षरं टाइप केली की यादीतले जुळणारे कॉलसाइन समोर येतात. नवा परवानाधारक त्या यादीत नसतो. मग थकलेला ऑपरेटर यादीतला तुमच्यासारखाच दिसणारा जुना कॉलसाइन उचलतो. तुमच्या कानावर तो चुकीचा कॉलसाइन आला, की तिथेच थांबवा.

कोणतं स्टेशन कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे इंटरनेटवर दाखवणाऱ्या डीएक्स क्लस्टरवर किंवा रिव्हर्स बीकन नेटवर्कवर चुकीचा स्पॉट, म्हणजे अशी एखादी चुकीची सूचना, पडला, की एकाच चुकीची साथ पसरते. स्पॉटवर क्लिक करून, स्टेशनने स्वतः दिलेला कॉलसाइन न ऐकताच संपर्क करणारे सगळे एकाच वेळी फसतात. ‘पन्नास जणांनी हाच कॉलसाइन लिहिलाय’ हा बचाव तपासणीत चालत नाही. कानांनी ऐकलेलंच लिहायचं.

संपर्क अर्धवट राहिला, त्याने कॉलसाइन दुरुस्त केला की नाही कळलं नाही, तरी लॉगमधली नोंद पुसू नका. त्याने तो संपर्क लिहिला असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर दंड त्याला बसतो. स्वतःला गुण नको असतील तर कॅब्रिलो फाइलमध्ये (लॉग पाठवण्याच्या ठरलेल्या मजकूर-फाइलमध्ये) त्या ओळीच्या सुरुवातीच्या ‘क्यूएसओ’ (QSO, म्हणजे संपर्क) शब्दाआधी ‘एक्स-’ (X-) लावायचा. अशा ओळीचा गुण तुम्हाला मिळत नाही, पण समोरच्याची नोंद जुळते. ही सोय फार थोडे जण वापरतात, आणि ती वापरावी असं मला मनापासून वाटतं.

लॉग पाठवताना काय काय हवं

लॉग कॅब्रिलो स्वरूपात, स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत, स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवायचा. मुदत शुक्रवारी रात्री २३:५९ यूटीसीला संपते, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५:२९. शेवटची रात्र धरून बसू नका. स्पर्धेत वापरलेल्या सॉफ्टवेअरमधून ही फाइल तयार मिळते, पण पाठवण्याआधी ती उघडून पाहा. माथ्यावरच्या ओळीत तुमचा कॉलसाइन अचूक आहे ना, आणि प्रत्येक संपर्काच्या ओळीतही तोच आहे ना? तिथे एक अक्षर चुकलं तर तुमच्याशी बोललेल्या सगळ्यांच्या नोंदी धोक्यात येतात. गट, पॉवर आणि ई-मेल तपासा. वेळा यूटीसीत आहेत की भारतीय वेळेत, हेही बघा; साडेपाच तासांनी सरकलेला लॉग कुणाशीच जुळत नाही. लॉग स्वीकारल्याचा ई-मेल येतो, तो जपून ठेवा. मुदतीच्या आत अशी चूक दिसली तर दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते.

आणखी एक गोष्ट फक्त वरच्या क्रमांकांसाठी झगडणाऱ्यांची. जागतिक किंवा खंडाच्या पातळीवर पहिल्या पाचांत येऊ पाहणाऱ्या एकट्या ऑपरेटरने पूर्ण स्पर्धेचं ऑडिओ रेकॉर्डिंग ठेवायचं असतं. लॉगची मुदत संपल्यानंतर ९० दिवसांत समिती ते मागू शकते आणि मागणी आल्यावर पाच दिवसांत द्यावं लागतं. आशियाच्या यादीत एखाद्या लहान गटात भारतीय स्टेशनही पहिल्या पाचांत येऊ शकतं, तेव्हा ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजू नका.

क्रमवारीत यायचं नसेल, थोडेच संपर्क केले असतील, तरी ‘चेकलॉग’ म्हणून लॉग द्या. तुमच्याशी बोललेल्यांच्या नोंदी ताडून पाहायला त्याचा उपयोग होतो.

स्पर्धा संपल्यावर काय करायचं नाही

लॉगमधले कॉलसाइन आणि एक्स्चेंज स्पर्धा संपल्यावर बदलायचे नाहीत. इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये शोधून नाही, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून नाही, समोरच्याला ई-मेलने विचारून नाही. व्हॉट्सअॅप गटावर ‘४० मीटरवर मला कोणी कोणता झोन नंबर दिला होता?’ असं विचारून लॉग सुधारणंही यातच येतं. क्लबमधल्या ज्येष्ठांनी नव्यांना हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगायला हवं, कारण बहुतेकांकडून हे केवळ अज्ञानातून घडतं.

स्वतःच्या स्टेशन लॉगचं वेगळं. क्यूएसएल कार्ड (संपर्काची पुष्टी देणारं कार्ड) किंवा लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी (तीच पुष्टी ऑनलाइन देणाऱ्या सेवेसाठी), स्पर्धेचा लॉग पाठवून झाल्यावर, खात्री करून तिथली नोंद दुरुस्त करायला हरकत नाही. तुम्ही न केलेल्या संपर्काचं कार्ड आलं, तर बहुधा कोणीतरी दुसऱ्याचा कॉलसाइन तुमचा म्हणून लिहिलेला असतो. नम्रपणे ‘लॉगमध्ये नाही’ असं कळवा. ओळखीखातर पुष्टी देऊ नका.

तपासणी अहवाल आणि दाद

निकालानंतर लॉग तपासणी अहवाल मिळतो. पूर्वीपासूनचे लोक त्याला यूबीएन (युनिक, बस्टेड म्हणजे चुकलेला, नॉट इन लॉग) म्हणतात. सुरुवातीला दावा केलेले संपर्क, तपासणीनंतर उरलेले संपर्क आणि चुकांची टक्केवारी असते. मग चुकीच्या कॉलसाइनची यादी : तुम्ही काय लिहिलं आणि बरोबर काय होतं, शेजारी शेजारी. ‘युनिक’ म्हणजे फक्त तुमच्याच लॉगमध्ये सापडलेला कॉलसाइन; तो केवळ तेवढ्यासाठी कापला जात नाही. शेवटी एक यादी असते, तुमचा कॉलसाइन कोणी कोणी आणि कसा चुकवला याची. बरेच जण ती वाचतच नाहीत, आणि मला तर अख्ख्या अहवालात तीच सगळ्यात मोलाची वाटते. तेच अक्षर पुन्हा पुन्हा चुकलं असेल, तर दोष तुमच्या पाठवण्यात, वेगात किंवा निवडलेल्या फोनेटिक शब्दात आहे.

तपासणीतच चूक झाली असं वाटलं तर आधी स्पर्धेच्या संकेतस्थळावरचे सार्वजनिक लॉग पाहा. समोरच्याच्या लॉगमध्ये त्या वेळच्या आगेमागे, त्याच बँडवर तुमचा कॉलसाइन शोधा. नोंद खरोखर सापडली, तर संकेतस्थळावरच्या संपर्क मार्गाने समितीला लिहा : तुमचा कॉलसाइन, स्पर्धेचं वर्ष आणि प्रकार, बँड, यूटीसी वेळ, दोन्ही लॉगमधल्या ओळी. मागणी एका वाक्यात. समितीचा निर्णय अंतिम असतो. समोरच्या हॅमला लॉग बदलायला सांगायचं नाही, आणि त्याने आपणहून बदलतो म्हटलं तरी थांबवायचं.