सी ड्राइव्ह लाल, डी रिकामा

दहा-बारा वर्षांपूर्वी दुकानातून असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर असो की तयार लॅपटॉप, विकणारा एक काम हमखास करून द्यायचा: एकाच हार्ड डिस्कचे तीन-चार भाग. सी शंभरेक जीबीचा, उरलेल्यात डी आणि ई. ‘विंडोज उडालं तरी फोटो राहतील’ हा त्यामागचा विचार, आणि तेव्हा तो रास्तही होता. आता त्याच मशिनवर विंडोज १० असतं, सीची पट्टी लाल झालेली असते आणि डीमध्ये कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग सोडलं तर शुकशुकाट. मग माणूस एकेक फोटो बघून डिलीट करत बसतो. तासभर आठवणींत जातो आणि जागा वाचते जेमतेम अर्धा जीबी.

फोटोंवर राग काढण्याआधी डिस्क जागेचा हिशेब कसा ठेवते ते बघायला हवं. विंडोज ज्या एनटीएफएस पद्धतीने फाइल ठेवतं, तिच्यात डिस्कची जागा क्लस्टर नावाच्या तुकड्यांत वाटलेली असते. बहुतेक कॉम्प्युटरवर असा एक तुकडा ४ केबीचा. कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत आहे, याची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’मध्ये असते. आपण डिलीटचं बटण दाबतो तेव्हा फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे नुसता तिचा पत्ता बदलतो. मोकळी जागा तेवढीच राहते. बिन रिकामी केली की मग ते तुकडे वापरायला मोकळे आहेत, अशी नोंद होते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं, शेतातलं पीक मात्र उभंच! दुसरी एखादी फाइल येऊन त्याच जागी लिहिली जाईपर्यंत जुनी माहिती तबकडीवर तशीच असते. ४ जीबीचा सिनेमा कॉपी व्हायला मिनिटभर लागतो आणि तोच क्षणात डिलीट होतो, तो यामुळे.

जागा खाणारे खरे गडी सहसा डोळ्यांआड असतात. पहिला ‘हायबरफिल’. कॉम्प्युटर हायबरनेट होतो, म्हणजे चालू काम जपून पूर्ण बंद होतो, तेव्हा रॅममधला (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतला) मजकूर या फाइलमध्ये उतरवला जातो. विंडोज १० तिच्यासाठी एरवी रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा अडवून ठेवतं. विंडोज ७ तर ७५ टक्के अडवायचं. म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर तीन जीबीहून जास्त जागा रोजची गुंतलेली, मग तुम्ही हायबरनेट कधीच वापरत नसलात तरी. ती सोडवायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची आणि इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून ‘स्लॅश एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’ असं टाइप करायचं. मात्र विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ याच फाइलवर चालतं, तेव्हा कॉम्प्युटर सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. जुन्या मशिनवर हा सौदा मला तरी परवडतो.

दुसरा ‘विंडोज डॉट ओल्ड’. विंडोजची मोठी नवी आवृत्ती बसली की जुनी या फोल्डरमध्ये ठेवली जाते, परतीची वाट म्हणून. विंडोज १० साधारण दहा दिवसांनी ती आपोआप काढतं, पण कधी कधी ती रेंगाळते, आणि हा ऐवज काही जीबींचा असतो. त्यात सिस्टिम रिस्टोअरचे, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठी जपलेले, जुने पॉइंट आणि अपडेटच्या उरलेल्या फाइलींची भर.

हे सगळं हाताने उपसायचं नाही. विंडोजमधलं ‘डिस्क क्लीनअप’ उघडून त्यातलं ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ हे बटण दाबायचं; खरी यादी त्यानंतर दिसते. विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतं. तिथे टिक दिसली तर आधी काढा, नाहीतर बँकेची स्टेटमेंटं आणि मुलांची हॉलतिकिटं एका दमात जातील.

विंडोजचे स्वतःचे सुटे भाग जिथे असतात त्या ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरचा आकार बघून अनेकांचे हात शिवशिवतात. तो डिलीट करायचा नाही. तिथल्या बऱ्याच फाइली ‘हार्ड लिंक’ असतात: डिस्कवर फाइल एकच, पण तिला दोन ठिकाणी दोन नावं. एक्सप्लोरर प्रत्येक नाव वेगळं मोजतो, त्यामुळे फोल्डर दिसतो त्याहून प्रत्यक्षात लहान असतो.

फुकटात कॉम्प्युटर ‘साफ’ करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला मी जात नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून जागेत म्हणण्याजोगा फरक पडत नाही, आणि सप्टेंबर २०१७मध्ये तर ‘सीक्लीनर’ या नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेल्याचं उघड झालं होतं. ती आवृत्ती २० लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर पोचली होती.

फोटोंचं फोल्डर झिप करून जागा वाचवायचा प्रयत्नही फुकट जातो. झिप करणारा प्रोग्रॅम माहितीतली पुनरुक्ती शोधून ती थोडक्यात लिहितो. मजकुराच्या फाइलीत ती भरपूर असते, म्हणून तिचा आकार चटकन कमी होतो. जेपेग फोटो किंवा एमपी४ व्हिडिओ तयार होतानाच आवळलेले असतात. त्यांत पिळायला फारसं काही उरलेलं नसतं. माहिती काही न गमावता किती आवळता येते याला गणिती मर्यादा आहे, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्येच दाखवून दिलं होतं.

यापेक्षा डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही फोल्डरच डीवर हलवा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’. नुसतं कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा हे बरं, कारण पुढची प्रत्येक डाउनलोड केलेली फाइल आपोआप डीवर जाते. डीतली जागा थेट सीला जोडण्याचा मोह होतो, पण विंडोजचं स्वतःचं साधन सीला लागूनच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच सी वाढवतं. त्यासाठी सीला लागून असलेला भाग, म्हणजे बहुधा डीच, पुसावा लागतो. बॅकअप नसताना या फंदात पडू नये.

जागा मोकळी ठेवण्याचा संबंध वेगाशीही आहे. लॅपटॉपमधली जुनी डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि हेड सरकायचा वेळ वेगळा. सलग मोकळी जागा नसली की नवी फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरते आणि हे थांबणं प्रत्येक तुकड्याला होतं. विंडोज एक्सपीचा डीफ्रॅगमेंटर, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणारा प्रोग्रॅम, नीट काम करायला १५ टक्के जागा मोकळी मागायचा, ती यासाठीच. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काही नसल्यामुळे ही अडचण जवळजवळ नाहीशी होते, आणि जुन्या मशिनवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते मी तिथे करीन.

साफसफाईत नको ती फाइल उडाली, तर हार्ड डिस्कवर अजून आशा असते. फक्त त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहायचं नाही. फाइल परत मिळवणारा प्रोग्रॅमसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर घेऊन चालवायचा. एसएसडीवर ही संधी फार थोडी, कारण ‘ट्रिम’ या आज्ञेने मोकळे झालेले तुकडे ड्राइव्हला कळवले जातात आणि तो ते पुसून टाकतो. उलट जुना कॉम्प्युटर कुणाला द्यायचा असेल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही. डी-ई फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’वरची टिक काढा, विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक तुकड्यावर शून्यं लिहितो. सीसाठी ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय आहे. मोठ्या डिस्कला त्यात काही तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपलेलं बरं.