पऱ्हाटीच्या धुरातलं मिथेनॉल

कापसाची वेचणी संपली की आमच्या जळगाव-धुळ्याकडे बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पेटतात. यंदा ते पेटायच्या आधीच भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'पऱ्हाटीपासून घरच्या घरी मिथेनॉल, पेट्रोलला रामराम!' पऱ्हाटीपासून मिथेनॉल, म्हणजे इंधन म्हणून जळणारं एक अल्कोहोल, होतं, हे खरं. 'घरच्या घरी' ही निव्वळ थाप.

पऱ्हाटी अपुऱ्या हवेत जाळली की कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) यांच्या उत्प्रेरकावरून, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावरून, ते ५० ते १०० बार (हवेच्या दाबाच्या साधारण तितक्या पट) दाबाखाली, २०० ते ३०० अंश सेल्सिअसला न्यायचे, की मिथेनॉल बनतं. पण या वायूंचं प्रमाण जमायला हवं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात उडीद कमी पडले की भाकरी थापतानाच तुटते, तसंच हे.

हिशोब सोपा आहे. हायड्रोजनमधून डायऑक्साइड वजा करा आणि दोन्ही कार्बन-वायूंच्या बेरजेने भागा. उत्तर २ च्या किंचित वर हवं. नैसर्गिक वायू वाफेसोबत तापवला तर ते ३ च्या आसपास येतं, म्हणजे हायड्रोजन उरतो. पऱ्हाटीच्या गॅसमध्ये समजा हायड्रोजन १८ टक्के, मोनॉक्साइड १८, डायऑक्साइड ११. उत्तर ०.२४! शिवाय जवळपास निम्मा नायट्रोजन. एका फेरीत थोड्याच गॅसचं मिथेनॉल होतं, म्हणून उरलेला पुन्हा पुन्हा फिरवतात. नायट्रोजन मात्र फुकट्या प्रवाशासारखा जागा अडवून बसतो. त्याला बाहेर काढताना चांगला गॅसही जातो.

आता माझी आवडती गंमत. मिथेनॉलमधला कार्बन मोनॉक्साइडचा, असं बरीच वर्षं मानलं जायचं. १९८० च्या दशकात खुणेचा, म्हणजे माग काढता येईल असा, कार्बन वापरून पाहिलं, तर तो मुख्यतः डायऑक्साइडमधून येत होता! डायऑक्साइड तांब्यावर हायड्रोजन घेत आधी फॉर्मेट, मग मेथॉक्सी या मधल्या रूपांतून जातो आणि शेवटी मिथेनॉल होतो. पण दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू सुटतो आणि तांब्यावरच्या जागा अडवतो. मोनॉक्साइड त्या पाण्यातला ऑक्सिजन उचलतो, स्वतः डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. म्हणून डायऑक्साइड थोडा हवाच. फार झाला तर पाणी आवरत नाही, उत्प्रेरकाचे कणही एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि तो मंदावतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाचं लगेच उत्तर: 'मंग हवेऐवजी ऑक्सिजन लावू ना भो!'

लाव. नायट्रोजन जाईल. ०.२४ तिथेच राहील.