पहिल्या उड्डाणात कान खोटं बोलतो

हवाई दलातला विद्यार्थी पहिल्यांदा प्रशिक्षण विमानात बसतो तेव्हा तपासण्यांची यादी त्याला तोंडपाठ असते. फजिती होते ती विमान जमिनीवर असतानाच. धावपट्टीकडे जाताना विमान वळवायचं असतं पायांनी, रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलनी. आणि हात गाडीच्या जुन्या सवयीने स्टिक, म्हणजे विमान कलवायचा दांडा, डावी-उजवीकडे ढकलत बसतात. विमान ढिम्म वळत नाही.

हवेत गेल्यावर गंमत वेगळी. क्षितिज खाली-वर व्हायला लागतं, कारण मूठ घट्ट आवळलेली असते आणि प्रत्येक दुरुस्ती जरा जास्तच होते. विमान ट्रिम केलेलं, म्हणजे नियंत्रणं समतोलावर बसवलेली, असेल तर दोन बोटं पुरतात, किंबहुना हात काढून घेतला तरी ते आपलं आपण सरळ उडत राहतं. हे पटायला वेळ लागतो.

पण खरा घोळ कानात असतो. अंतर्कर्णात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव असतो. डोकं वळलं की नलिका लगेच वळते, द्रव मात्र जडत्वामुळे मागे राहतो. त्याच्या रेट्याने जेलीसारखा एक मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो : आपण वळतोय. आता विमान एकाच गतीने 10-20 सेकंद वळत राहिलं, तर द्रवही नलिकेच्या बरोबरीने फिरू लागतो. पडदा पूर्ववत होतो. कान म्हणतो, सगळं सरळ आहे! वळण थांबवलं की द्रव तेवढा पुढे जात राहतो, आणि आपण उलट्या बाजूला वळतोय अशी पक्की खात्री वाटते. जमिनीवर हेच दाखवण्यासाठी विद्यार्थ्याला डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसवतात. ही बारानी खुर्ची. तोल सांभाळणाऱ्या या यंत्रणेवरच्या कामासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 सालचं नोबेल मिळालं होतं. क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला खोटं पाडतात. ढगात ती सोय नाही, तिथे उपकरणांवरच भिस्त.

वजनाचंही तसंच. उंची न सोडता 60 अंश कलून वळायचं, तर पंखांच्या उचल बलाचा निम्माच भाग विमानाला वर धरायला उरतो. म्हणून ते बल दुप्पट करावं लागतं. परिणामी 70 किलोच्या माणसाला आपण 140 किलोचे झालो असं वाटतं. गाल ओघळतात, हात उचलताना जड लागतो. हे झाले 2 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोर. जी याहून बराच वाढला तर रक्त मेंदूपर्यंत चढेना होतं, आणि आधी दगा देतात ते डोळे. नेत्रगोलाच्या आत स्वतःचा दाब असतो, त्यामुळे कमी दाबाने आलेलं रक्त दृष्टिपटलात शिरू शकत नाही. शुद्ध शाबूत असते, पण नजरेच्या कडा करड्या होत जातात. पाय आणि पोट आवळून रक्त वर टिकवायची युक्ती म्हणूनच शिकवतात.

मळमळ ही या भांडणाचीच पावती. डोळ्यांसमोर कॉकपिट स्थिर, आणि कान सांगतो हालचाल चाललीय. विद्यार्थ्याचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर थंड घाम आला की मुरलेला प्रशिक्षक नजर क्षितिजावर ठेवायला सांगतो आणि बरेचदा स्टिकच त्याच्या हातात देतो. ज्याच्या हातात स्टिक, त्याला विमान आता कुठे कलणार हे अर्धा क्षण आधी ठाऊक असतं. मेंदूला धक्का बसत नाही. पिशवी बहुधा खिशातच राहते.