चाकांचा जिना (नेपथ्य)

चाकांचा जिना म्हणजे सेटमधला असा जिना जो ढकलत विंगेतून आत आणता येतो, हवा तसा फिरवता येतो आणि प्रवेश संपला की परत विंगेत नेऊन ठेवता येतो. एकच जिना एका प्रवेशात वाड्याचा, पुढच्यात चाळीचा आणि पाठमोरा फिरवला की नुसती भिंत, म्हणून जिथे सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात त्या एकांकिका स्पर्धांमध्ये आणि भराभर जागा बदलणाऱ्या संगीतप्रधान नाटकांमध्ये तो फार उपयोगी पडतो. बनवताना एक गोष्ट मात्र सगळ्यात वर ठेवायची, नटाचा पाय पायरीवर पडला त्या क्षणी हा जिना चाकांचा राहता कामा नये, तो रोवल्यासारखा उभा राहिला पाहिजे.

चाकांवरचा सेट ही कल्पना जुनीच. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर एक्किक्लेमा नावाचं पीठ होतं, आत घडलेल्या हत्येनंतरचं दृश्य त्याच्यावरून बाहेर लोटून दाखवायचे. जिन्याला नाटकात खरं मोठेपण मिळालं ते विसाव्या शतकात, जर्मनीत हेलेराउला 1912-13 मध्ये स्विस नेपथ्यकार अडॉल्फ आपियाच्या पायऱ्या आणि नंतर बर्लिनला दिग्दर्शक लिओपोल्ड येस्नरच्या नाटकांतले जिने, जे त्याच्या नावानेच ओळखले जायला लागले. हे जिने प्रवेश चालू असताना ढकलायचे नव्हते, पण नट वर-खाली गेला की प्रसंगाचं वजन बदलतं हे त्यांनी पक्कं दाखवून दिलं. मराठीत सेट हलवायचं मोठं उदाहरण म्हणजे 1962 च्या 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच.

आता मापं. सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात, याला तडजोड नाही, कारण पाय पहिल्या दोन पायऱ्यांतच अंदाज बांधतो आणि नंतर डोळे खाली जात नाहीत, त्यात अंधार आणि घोळदार साडी किंवा शेरवानी असेल तर अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा तोंडावर पाडतो. फ्रान्समधल्या ब्लोंदेल या वास्तुकाराने 1675 मध्ये मांडलेला हिशोब अजून चालतो, एका पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची खोली (पाय टेकतो ती जागा) म्हणजे साधारण 24-25 इंच. चार फुटांची लेव्हल (सेटमधला उंच चौथरा) गाठायची तर सात चढ, प्रत्येकी पावणेसातच्या थोडं वर, आणि पायरी 11 इंच खोल.

बांधणीत बाजूच्या फळ्या हा जीव. त्यांना दातेरी खाचा पाडल्या तर खाचेखाली सलग लाकूड किमान साडेतीन इंच उरायला हवं, नाहीतर तिथेच तडा जातो. तीन फूट रुंद जिन्याला मधे तिसरी फळी द्यावीच, 18-19 मिमी प्लाय असला तरी. खिळे नकोत, गोंद आणि स्क्रू, आणि जोड सुटा करायचा असेल तर नट-बोल्ट. मागच्या उंच पायांना तिरके टेकू आणि पायऱ्यांच्या मधल्या उभ्या जागी प्लाय ठोकून बंद केला की डोलणं बरंच कमी होतं. कठडा नुसत्या प्लायला अडकवायचा नाही, सांगाड्यात बोल्ट करायचा, कारण नट त्याच्यावर सगळं अंग टाकतो.

चाकांचं गणित वेगळं. स्टेज कधीच सपाट नसतं, त्यामुळे चारपैकी तीनच चाकं वजन घेतायत असं धरायचं. जिना 120 किलो आणि वर तीन माणसं 210, म्हणजे 330, भागिले तीन, चाक 110 किलो पेलणारं. पण माणसं वरच्या टोकाला एकत्र उभी राहतात तेव्हा मागची दोन चाकं जास्त सोसतात, म्हणून 150 चंच घ्यावं. दोन इंची चाकं केबलवर आणि फळ्यांच्या सांध्यात अडकतात, चार-पाच इंची बरी, पॉलियुरेथेनची असली तर आवाजही कमी. चारही फिरती, म्हणजे दिशा बदलणारी, चाकं लावली की जिना जागच्या जागी वळतो खरा, पण आत ढकलून परत उलटा ओढायला गेलं की प्रत्येक चाक आधी स्वतःभोवती अर्धा वळसा घेतं आणि जिना दोन-तीन इंच आडवा सरकतो, नेमका खुणेवरून. सरळ रेषेतच न्यायचा असेल तर दोन चाकं दिशा न बदलणारी लावावीत.

ब्रेकवर कंजूषी करायची नाही. साधा ब्रेक फक्त चाक धरतो, वरची फिरकी, म्हणजे चाकाची दिशा वळवणारा भाग, मोकळीच, आणि खाली झालेली ती जराशी हालचाल सहा फुटांवर उभ्या माणसाला चांगलीच जाणवते. चाक आणि फिरकी दोन्ही धरणारा ब्रेक घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे चाकं बिजागरीच्या फळीवर बसवायची, दांडा दाबला की जिना अर्धा इंच उचलला जातो, सोडला की सगळं वजन रबर लावलेल्या पायांवर येतं. पाचरी ठोकणं हा जुना उपायही वाईट नाही, फक्त अंधारात त्या सापडल्या पाहिजेत.

उलटण्याचा धोका उंच आणि अरुंद जिन्याला. चाकं शक्य तितकी कोपऱ्यात, आणि तरी भरवसा नसेल तर खाली वजनं टाकावीत किंवा बाजूला टेकूचे पाय बाहेर काढावेत. ढकलायचं कायम खालून, कठड्याला धरून नाही. वर माणूस असताना जिना हलवायचा असेल तर तो तसाच डिझाइन केलेला पाहिजे, तालमीत आयत्या वेळी सुचलं म्हणून नाही.

तालीमही सुरुवातीपासून खऱ्याच जिन्यावर व्हायला हवी. बॅकस्टेजला ब्रेकसाठी एकच माणूस ठरवावा, त्याने 'लॉक' म्हटल्याशिवाय कुणी चढायचं नाही. पायऱ्यांच्या कडेला रेडियमची पट्टी आणि मागच्या बाजूने उतरायला छोटी शिडी, तिलाही कठडा. दौऱ्यावरच्या नाटकाचा जिना दोन-तीन तुकड्यांत सुटतो आणि टेम्पोत बसतो, पण रस्त्याच्या हादऱ्याने बोल्टवरचे नट ढिले होतात, तेव्हा नायलॉनवाले नट वापरायचे आणि प्रत्येक प्रयोगाआधी पाना घेऊन एक-एक बोल्ट बघायचा, मग आदल्या दिवशी प्रयोग झालेला असो नाहीतर त्याच दिवशी दुपारी.